इंजिनाची नाडी

मुलांनो, आपल्या मॉरिशसमध्ये जून महिना आला की ऊसतोडणी सुरू होते. डिसेंबरपर्यंत उसाने भरलेल्या लॉऱ्या कारखान्याकडे धावत असतात. एखादी जुनी लॉरी चढावर 'ठक्, ठक्, ठक्' असा आवाज करते. तुम्ही तो ऐकला आहे का? लॉरी जणू सांगत असते, "मला काहीतरी दुखते आहे." हे दुखणे कसे ओळखतात, ते आज पाहू.

लॉरीचे इंजिन डिझेलवर चालते. इंजिनात धातूची जाड नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन वरखाली होतो. तो हवा जोराने दाबतो. दाबलेली हवा खूप तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसेच! त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि लगेच पेटतो. त्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनला जोडलेला दांडा खालचा क्रँक फिरवतो. क्रँकच्या जोरावर चाके फिरतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने असे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याचेच नाव आपण आजही घेतो.

सकाळी इंजिन गार असताना थोडा खडखडाट होतोच. इंजिन तापल्यावर तो कमी झाला तर काळजी नाही. पण ठकठक वाढत गेली, तर मेकॅनिक डॉक्टरसारखी तपासणी करतो.

प्रथम तो लॉरी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करतो. थोडा वेळ थांबतो. मग तेलाची पट्टी बाहेर काढून पुसतो, पुन्हा बुडवतो आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहतो. तेल कमी असेल तर धातूवर धातू आपटतो.

नंतर तो इंजिन सुरू करतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवतो आणि मुठीला कान लावतो. वरच्या बाजूने हलकी 'टिक् टिक्' ऐकू आली, तर बहुधा व्हॉल्व्हजवळची फट वाढलेली असते. ती नीट करता येते. आवाज एकाच सिलिंडरचा वाटला, तर तो त्याच सिलिंडरचे डिझेल थोडा वेळ बंद करतो. आवाज थांबला, तर नोझल खराब असू शकते.

पण खालून जड 'धप् धप्' येत असेल आणि ओझे ओढताना वाढत असेल, तर सावध! दांडा आणि क्रँक यांच्यामधले बेअरिंग झिजलेले असू शकते. तशीच लॉरी चालवली, तर दांडा तुटून इंजिनाला भोक पडू शकते. म्हणून शहाणा ड्रायव्हर ऊस भरलेला असला तरी लॉरी थांबवतो. एक खेप बुडते, पण इंजिन वाचते.

मुलांनो, चालू इंजिनाजवळ तुम्ही कधीही जाऊ नका. त्याचा पंखा आणि पट्टा फार धोक्याचे असतात. मात्र दूर उभे राहून कान देऊन ऐका. आवाज कुठून येतो? केव्हा वाढतो? केव्हा थांबतो? जो नीट ऐकतो, त्यालाच दुखणे लवकर कळते.