उघड्या खाणीच्या कड्यातील अवशिष्ट कोळसा

उघड्या खाणीत कोळशावरील माती व खडक प्रथम दूर करावे लागतात. थर जसजसा खोल उतरतो, तसतसे एक टन कोळशामागे हलवावयाच्या खडकाचे प्रमाण वाढते आणि एका मर्यादेनंतर खोदकाम परवडेनासे होते. कित्येकदा पुढे गाव किंवा रस्ता आडवा येतो. अशा वेळी जो उभा कडा शिल्लक राहतो, त्याच्या पोटात कोळशाचा थर पुढे चालूच असतो.

हा कोळसा काढण्यासाठी कड्याच्या पायथ्याशी यंत्र उभे करून त्याचे कर्तनशीर्ष थरात शिरविले जाते. मागून तुळया जोडीत ते सुमारे ३०० मीटरपर्यंत आत ढकलता येते. चालक बाहेरच बसतो. बोगद्यात कोणीही जात नाही व तेथील छतास टेकूही दिले जात नाहीत. भारतात मध्य प्रदेशातील शारदा व आजच्या तेलंगणातील रामगुंडम येथे २०१० च्या सुमारास या पद्धतीस आरंभ झाला.

छताचा सर्व भार दोन समांतर बोगद्यांमध्ये राखलेल्या कोळशाच्या भिंतीवर पडतो. तिची जाडी किती असावी, हाच येथील मुख्य प्रश्न होय. उदाहरणार्थ, थर १०० मीटर खोल, बोगदा ३.५ मीटर रुंद व २ मीटर उंच आहे असे मानू. कोळशाचे बल ६.२ मेगापास्कल धरून मार्क-बिएनियाव्हस्की सूत्र लावल्यास २ मीटर जाडीच्या भिंतीचा सुरक्षागुणांक अवघा १.०६ येतो, जाडी ३ मीटर केल्यास तो १.६६ होतो. मात्र हाती येणारा कोळसा ६४ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर उतरतो.

हा त्याग व्यर्थ नव्हे. एक भिंत चिरडली की तिचा भार शेजारच्या भिंतींवर जातो व त्याही ओळीने ढासळू शकतात. म्हणून ठराविक बोगद्यांनंतर एक अधिक जाड भिंत राखतात. तिच्यापाशी ही परंपरा खंडित होते. यंत्राची दिशा किंचित ढळली तरी भिंत आत पातळ होते, म्हणून दिशामापनही तितकेच काटेकोर हवे. शिवाय बोगद्यातील धोका टळला तरी कड्याखाली काम करणाऱ्यांवर दरड कोसळण्याचे भय उरतेच. सारांश, किती कोळसा काढावा याचा निर्णय किती ठेवावा यावरूनच करावा लागतो.