घरी परतलो म्हणजे ठाणे गाठले असे नाही

डोंबिवलीहून ठाण्याला निघालेला प्रवासी चुकून कर्जत लोकलमध्ये चढला आणि उलट्या गाडीने परत आला, तर तो घरी बिनचूक पोचतो. ठाणे मात्र त्याने पाहिलेले नसते. खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरची एक लाडकी चाचणी नेमकी अशीच आहे. ताऱ्याचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले त्याचे स्थान, द्यायचे, त्यांवरून आकाशगंगेच्या प्रतलापासून मोजलेले दीर्घिक रेखांश-अक्षांश काढायचे, ते उलटे फिरवायचे आणि मूळ आकडे परत मिळाले की समाधान मानायचे.

या समाधानाला आधार नाही, कारण जाताना झालेली चूक येताना आपोआप पुसली जाते. या रूपांतराला लागणारा आकाशगंगेचा उत्तर ध्रुव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 1958 साली ठरवला: विषुवांश 12 तास 49 मिनिटे, क्रांती 27.4 अंश. पण हे आकडे 1950 च्या संपातानुसार आहेत. विषुवांश ज्या संपातबिंदूपासून मोजतात तो सरकत असल्याने 2000 च्या चौकटीत तोच ध्रुव 12 तास 51 मिनिटे 26 सेकंद आणि 27.13 अंशांवर येतो. (टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांच्यातला आरंभबिंदूचा वाद ठाऊक असलेल्यांना ही भानगड नवी वाटणार नाही.) आता स्वातीचा तारा घ्या, ठाणे-कल्याणच्या जवळजवळ माथ्यावरूनच तो जातो. त्याचे 2000 चे आकडे योग्य ध्रुवासह घातले, तर दीर्घिक अक्षांश 69.11 अंश येतो. ध्रुव 1950 चा घातला, तर 68.51. फरक पूर्ण चंद्राच्या रुंदीहून मोठा. तरीही जाऊन-येऊन चाचणी दोन्ही वेळा उत्तीर्णच!

यावर कुणी म्हणेल, तयार, नावाजलेली लायब्ररी वापरा, प्रश्नच मिटला. पण आपण दिलेले आकडे कोणत्या सालचे, हे लायब्ररीला आपण सांगू तेवढेच कळते. आणि 1950 ची चौकट अजून मेलेली नाही: 1967 मध्ये सापडलेला पहिला पल्सार आजही 1950 च्या चौकटीतल्या स्थानावरून पडलेल्या ‘बी 1919+21’ या जुन्या नावाने ओळखला जातो. म्हणून अपेक्षित उत्तर बाहेरूनच आणायला हवे, तेही डोळसपणे. आकाशगंगेच्या केंद्रातले कृष्णविवर शून्य-शून्यावर असणार असे गृहीत धरणारा परीक्षक बरोबर प्रोग्रामलाच नापास करील, कारण ते रेखांश 359.94, अक्षांश उणे 0.05 अंशांवर आहे.

अशी एक चाचणी ठाण्यातच मिळते. एप्रिलच्या सुरुवातीला मध्यरात्र उलटताना आकाशगंगेचा उत्तर ध्रुव माथ्याच्या जेमतेम 8 अंश उत्तरेला असतो आणि आकाशगंगेचा पट्टा क्षितिजाला बिलगतो. त्या वेळी प्रोग्रामच्या पडद्यावर पट्टा डोक्यावर दिसला, तर गणित चुकले आहे. डोंबिवलीच्या उजेडात खरा पट्टा दिसत नसला, तरीही.