खाचरातील तांबूस तवंग

कोकणातील खोलगट भातखाचरात लावणीनंतर काही दिवसांनी पाण्यावर रंगीबेरंगी, चकाकणारा तवंग दिसू लागतो. कोणाच्या तरी यंत्रातील तेल पाटाने वाहून आले, अशी शंका गावात निघते आणि त्यावरून बांधावर भांडणही जुंपते. अशा वेळी ग्रामसेवकाने एक काडी घेऊन तवंग हलवून पाहावा. तेल असल्यास फुटलेला तवंग पुन्हा मिळून येतो. कपच्यांप्रमाणे तुकडे पडून ते तसेच तरंगत राहिले, तर ते लोह होय.

हे लोह बाहेरून आलेले नसते. जांभ्या दगडापासून बनलेल्या तांबड्या जमिनीत ते विपुल असते; परंतु जमिनीत हवा खेळती असेतोवर ते गंजाच्या रूपात मातीच्या कणांना चिकटून राहते. चिखलणी करून पाणी कोंडले म्हणजे मातीतील प्राणवायू एकदोन दिवसांतच संपतो. मग सूक्ष्म जंतू श्वसनासाठी प्रथम नायट्रेटकडे, नंतर मँगनीजकडे आणि त्यानंतर लोहाकडे वळतात. नायट्रेटमधील नत्र वायुरूपाने उडून जाते, म्हणून नायट्रेटयुक्त खत अशा खाचरात घालणे व्यर्थ होय. लोह मात्र पाण्यात विरघळते, वर येऊन हवेशी गाठ पडताच पुन्हा गंजते, आणि त्याचाच हा तवंग बनतो.

यात शेतकऱ्याचा लाभ आहे. तांबड्या जमिनीतील बरेचसे स्फुरद लोहाशी जखडलेले असते. लोह विरघळले की ती पकड सुटते व स्फुरद भाताच्या मुळांस मिळू लागते. इंग्लंडमधील सरोवरांच्या गाळातही असेच घडते, हे मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने १९४१-४२ साली दाखवून दिले.

जेथे निचरा मुळीच नाही, किंवा डोंगराचा पाझर सतत येतो, तेथे मात्र लोह मर्यादेबाहेर वाढते. जुन्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके पसरतात व मुळांवर तांबडे लिंपण चढते. असे दिसताच पाणी काढून जमिनीस काही दिवस हवा द्यावी. जस्ताच्या उणिवेनेही पानांवर तांबूस डाग पडतात. भातावरील ‘खैरा’ रोगाचे कारण ही उणीव आहे, हे नेने यांनी पंतनगर येथे १९६६ साली सिद्ध केले. परंतु ती चुनखडीच्या किंवा विम्ल जमिनीत अधिक आढळते आणि तिला झिंक सल्फेट लागते. केवळ डाग पाहून औषध ठरवू नये; आधी जमीन पाहावी.

भातकापणीनंतर खाचर वाळते, लोह पुन्हा गंजते आणि मोकळे झालेले स्फुरद परत जखडले जाते. भात चांगले आले म्हणून मागाहून घेतलेल्या वालास स्फुरद नको, असे अनेकांस वाटते. आणि नेमका तेथेच वाल खुरटतो. सुपरफॉस्फेट सर्व शेतात विखुरल्यास मातीशी मिसळून तेही जखडते. ते वालाच्या ओळीत, बियाण्याच्या किंचित खाली व बाजूस पेरून द्यावे.