सागरी तैलचित्रे : इतिहासाचे साधन म्हणून एक विवेचन
(विशेष संदर्भ : विजयदुर्ग, १७५६)

बीजसंज्ञा : सागरी तैलचित्र, मराठा आरमार, विजयदुर्ग, दृश्य साधने

प्रस्तावना

मुलचेऱ्यासारख्या अरण्यप्रदेशातील महाविद्यालयात मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास शिकविताना एक अडचण सतत जाणवते. येथील विद्यार्थ्यांना सागवान लहानपणापासून परिचयाचे असते; परंतु सागाची जहाजे ज्या समुद्रावर वावरली तो समुद्र बहुतेकांनी पाहिलेला नसतो. साहजिकच अध्यापक चित्रांचा आधार घेतात. अशाच एका तासिकेत आंग्र्यांच्या जळत्या आरमाराच्या चित्राची प्रत दाखविली असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे चित्र काढणारा कोठे उभा होता?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना चित्राकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. सागरी तैलचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सागरी तैलचित्रांची परंपरा

ही परंपरा प्रामुख्याने सतराव्या शतकात हॉलंडमध्ये बहरली. विलेम व्हान दे वेल्दे हे पिता-पुत्र १६७०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये आले आणि त्यांच्यामुळे ती तेथे रुजली. पिता प्रत्यक्ष नौकेतून लढाया पाहून रेखाटने करीत असे, तर पुत्र तैलरंगात चित्रे रंगवीत असे. तैलरंग सावकाश वाळतो. त्यामुळे एकावर एक पातळ, पारदर्शक थर देऊन पाणी, धूर आणि ढगाळ आकाश यांची खोली साधता येते. अशी चित्रे विकत घेणारे पुष्कळदा स्वतः दर्यावर्दी असत. डोलकाठ्या, शिडे व दोरखंड यांतील चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. म्हणून जहाजाच्या बांधणीबाबत ही चित्रे बरीच काटेकोर असतात.

स्थळांच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. १७३१-३२च्या सुमारास जॉर्ज लॅम्बर्ट व सॅम्युअल स्कॉट यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील मुख्यालयासाठी सहा ठाण्यांची तैलचित्रे रंगविली. त्यांत मुंबईचेही चित्र आहे. किनारा लॅम्बर्टने आणि जहाजे स्कॉटने रंगविली. परंतु दोघांपैकी कोणीही भारतात आले नव्हते.

विजयदुर्गचे चित्र

विद्यार्थिनीने पाहिलेले चित्र डॉमिनिक सेरेस या चित्रकाराचे आहे. फ्रान्समध्ये जन्मलेला सेरेस इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीचा तो संस्थापक सदस्य होता. 'घेरियाचा पाडाव, फेब्रुवारी १७५६' हे त्याचे चित्र १७७१ मधील असून लंडनमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे.

प्रत्यक्ष घटना अशी. मार्च १७५५ मध्ये पेशवे व मुंबईकर इंग्रज यांच्यात तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध करार झाला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गच्या खाडीत शिरून तोफांचा मारा सुरू केला. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून जिंकलेल्या 'रिस्टोरेशन' या जहाजावर एक गोळा पडला. जहाजे एकमेकांस बांधलेली असल्याने आग पसरत गेली आणि संपूर्ण आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. तुळाजी अखेरपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले.

सेरेसने हे चित्र पंधरा वर्षांनंतर लंडनच्या चित्रपरंपरेत राहून रंगविले. म्हणजे विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की चित्रकार तेथे नव्हताच.

चित्राचे वाचन

पहिला मुद्दा नावाचा. 'घेरिया' हे नाव शेजारच्या गिर्ये गावावरून आले. चित्राच्या नावात 'विजयदुर्ग' हा शब्दच नसल्याने त्या नावाने शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो. शिवाय 'पाडाव' या शब्दामुळे घटना केवळ इंग्रजांच्या पराक्रमाची ठरते आणि जमिनीच्या बाजूने आलेले पेशव्यांचे सैन्य व त्यामागील राजकारण झाकले जाते. आपल्याच आरमाराच्या नाशात आपलाही हात होता, हा या घटनेतील सर्वांत बोचरा भाग आहे.

दुसरा मुद्दा जहाजांच्या प्रकाराचा. इंग्रजी युद्धनौकांच्या तोफा दोन्ही बाजूंना असत. त्यामुळे जहाज आडवे दाखविण्याच्या रूढ मांडणीत त्यांचे सामर्थ्य पूर्णपणे प्रकट होते. उथळ पाण्यात चालणाऱ्या गुराबेच्या मोठ्या तोफा मात्र नाळेतून पुढच्या दिशेने डागल्या जात. चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेत. तिचे बळ या मांडणीत सहजासहजी दिसत नाही.

तिसरा मुद्दा प्रतिपक्षाच्या साधनांचा. महाराष्ट्रात जहाजांचे चित्रण नवे नव्हते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. परंतु आंग्र्यांच्या बाजूने रंगविलेले, सेरेसच्या चित्रासमोर ठेवता येईल असे तैलचित्र आपल्या हाती नाही. जहाजे जळाली, जळण्याचे चित्र मात्र जेत्याच्या भिंतीसाठी उरले.

समारोप

म्हणून अशी चित्रे वर्ज्य मानण्याचे कारण नाही. चित्र कोणासाठी काढले, घटनेनंतर किती वर्षांनी काढले आणि त्यात कोण अनुपस्थित आहे, हे तीन प्रश्न ते दाखविण्यापूर्वीच फळ्यावर लिहावेत. त्यानंतर मराठी पत्रव्यवहार, बखरी व प्रत्यक्ष किल्ल्याची पाहणी यांच्याशी ते ताडून पाहावे. तैलचित्र हे छायाचित्र नव्हे, ती एका पक्षाची साक्ष आहे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी घेणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही जबाबदारी अधिकच वाढते. कारण त्यांच्या मनात उमटणारा पहिला समुद्र आपण दाखविलेल्या चित्रातलाच असतो.