ग्रंथालयाच्या दप्तरी लेखकाचे नाव

‘कुसुमाग्रजांची विशाखा द्या’ असे म्हणणाऱ्या वाचकाला काय हवे आहे, याविषयी कोणालाच संशय पडत नाही. परंतु ज्या तालिकाकाराला त्या संग्रहाचे कार्ड लिहावयाचे असते, त्याच्यापुढे मात्र एक तात्त्विक पेच उभा राहतो. कवितेला कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’ला वि. वा. शिरवाडकर असे नाव देणारा गृहस्थ एकच. तेव्हा दोन्ही ग्रंथ एकाच नावाखाली दाखल करावेत म्हटले, तर ते कोणत्या? ‘खऱ्या’ म्हणावे, तर जन्मतः ते गजानन रंगनाथ होते, दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले, आणि धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नात्याने कुसुमाग्रज हे नाव त्यांनी स्वतः घेतले. कागदोपत्री रुजू झालेले ते खरे आणि स्वखुशीने धारण केलेले ते खोटे, हा न्याय कचेरीत शोभेल. साहित्यात तो उफराटाच म्हटला पाहिजे, कारण पहिली दोन नावे इतरांनी दिलेली, तिसरे तेवढे त्यांचे स्वतःचे.

ब्रिटिश म्युझियमसाठी १८४१ साली पानिझ्झी यांनी जे ९१ नियम प्रसिद्ध केले, त्यांत टोपणनावाचा ग्रंथ टोपणनावाखालीच नोंदवून खरे नाव कळल्यास ते कंसात द्यावे, असे फर्मान होते. अमेरिकेतील कटर यांचा कल १८७६ मध्ये खऱ्या नावाकडे झुकला. अखेर आंग्ल-अमेरिकन नियमांच्या १९८८ च्या सुधारित आवृत्तीने एका व्यक्तीची दोन साहित्यिक व्यक्तित्वे स्वतंत्रपणे नोंदविण्यास मुभा दिली.

आडनावाचा आग्रह हीही पाश्चात्त्यांचीच देणगी. १९३४ साली वर्गीकृत तालिकेची संहिता रचणारे शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या स्वतःच्या नावात शियाळी हे गाव, रामामृत हे वडील आणि रंगनाथन हे त्यांचे व्यक्तिनाम. आडनाव कोठेच नाही! तुकोबांचे ‘आंबिले’ आडनाव शोधून गाथा त्याखाली लावणारा ग्रंथपाल नियमाला जागेल, पण वाचकाला मुकेल.

सत्यशोधनाच्या हौसेलाही मर्यादा हवी. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध होऊन वादळ उठले, तेव्हा विभावरी शिरूरकर या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, होत्या. अशा वेळी तालिकेने पंचनामा करण्याचे कारण नाही; लेखकाने मुखपृष्ठावर ज्या नावाने आपली ओळख दिली, त्याच नावाने त्याला हाक मारणे हा साधा शिष्टाचार आहे. केशवसुतांच्या कविता ‘केशवसुत’ याखालीच असाव्यात. आणि जिज्ञासूंसाठी खणात आणखी एक कार्ड पुरे : ‘दामले, कृष्णाजी केशव – केशवसुत पाहा.’