शीत समुद्रातील कुपा

ढोकीकरांस मासा म्हटला म्हणजे तेरणेतलाच आठवावयाचा, आणि तो थंड रक्ताचा प्राणी, हे तर शाळेत शिकलेले! परंतु कोकणातील कुप्याचा उत्तर अटलांटिकमधील अजस्र भाऊबंद या नियमास अपवाद होय. त्याच्या स्नायूंत उत्पन्न झालेली ऊब रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यामुळे कल्ल्यांवाटे निघून न जाता अंगातच राहते. म्हणूनच तो कॅनडाच्या गार पाण्यात भक्ष्यामागे शिरतो व गळास लागताच विलक्षण जोराने झुंजतो. १९७९ साली नोव्हा स्कोशियात केन फ्रेझर यांनी गळाने ६७९ किलोंचा कुपा धरला. शेजारच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर हौशी पाहुण्यांनी धरलेला मासा आता जिवंत सोडतात. मात्र फार दमलेला मासा सुटूनही दगावतो. यास्तव जाणते नावाडी भक्कम दोरी वापरून झुंज लवकर आटोपतात.