पाणी वाचवणाऱ्या इमारतींना सवलत : फायदा कुणाला, वस्तीला काय?

शहरात नव्या गृहप्रकल्पाच्या फलकावर 'ग्रीन बिल्डिंग' हे शब्द हल्ली हमखास दिसतात. त्यामागे पर्यावरणाची काळजी असेलही, पण पालिकेकडून मिळणारा आर्थिक फायदाही असतो. करसवलत म्हणजे सार्वजनिक तिजोरीत न आलेला पैसा. वाढीव बांधकाम म्हणजे त्याच रस्त्यांवर आणि त्याच जलवाहिन्यांवर जादा भार. म्हणून हा फायदा कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे.

सक्ती कशाची, सवलत कशाची?

मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामात पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जमिनीत जिरवण्याची सोय करणे बंधनकारक आहे. ही झाली सक्ती.

सवलत वेगळी. इमारतीला 'गृहा' किंवा तत्सम संस्थेचे हरित मानांकन मिळाले, तर बिल्डरला मूळ एफएसआयवर जादा बांधकाम करता येते. तीन ताऱ्यांना ३ टक्के, चार ताऱ्यांना ५ टक्के आणि पाच ताऱ्यांना ७ टक्के. समजा, २००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि मूळ एफएसआय १.१ आहे. एकूण २२०० चौरस मीटर बांधकाम होईल. त्यावर ७ टक्के म्हणजे १५४ चौरस मीटर, साधारण १,६५० चौरस फूट जादा विक्रीयोग्य जागा. हे मानांकन फक्त पाण्याचे नसते. वीज, कचरा, बांधकाम साहित्य यांचेही गुण त्यात धरले जातात.

दुसरा मार्ग मिळकतकराचा. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि रेन वॉटर हार्वेस्टिंग यांपैकी एक प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतीला सर्वसाधारण करात ५ टक्के, तर दोन किंवा अधिक प्रकल्प चालवणाऱ्यांना १० टक्के सवलत देते.

छतावर किती पाणी पडते?

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. पुण्यासारख्या शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटर छतावर ७०,००० लिटर पाणी पडते. गळती वगळून ८० टक्के हाती आले, तरी ५६,००० लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाला शहरी मानकाप्रमाणे ते सुमारे ८० दिवस पुरेल. त्यामुळे ही योजना मुळात चांगलीच आहे. प्रश्न वाटपाचा आहे.

वस्तीच्या वाट्याला काय?

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मानकांत मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले आहे. सार्वजनिक नळावर अवलंबून असणाऱ्यांसाठी हाच आकडा ४० लिटर आहे. जो आधीच ४० लिटरमध्ये भागवतो, तो पाणी वाचवतोच आहे. त्याला मात्र कोणतीही सवलत नाही. कारण सवलतीसाठी भूखंड लागतो, मंजूर नकाशा लागतो, मिळकतकराचे खाते लागते. भाडेकरू आणि पत्र्याच्या खोलीत राहणारे कुटुंब या रांगेत उभेच राहू शकत नाही.

कागदावरचा ठराव आणि प्रत्यक्षातले पाणी यांतले अंतर आपल्या चळवळीला नवे नाही. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच केला होता. तो अमलात आला नाही, म्हणून बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले. अगदी अलीकडे, डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून, झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला.

आपण काय करू शकतो?

पहिले, आपल्या सोसायट्या, वसतिगृहे, विहार आणि समाजमंदिरे यांची छते मोजा. मिळकतकर भरत असाल आणि यंत्रणा चालू असेल, तर आपल्या पालिकेत सवलत आहे का, हे करसंकलन विभागात विचारून अर्ज करा.

दुसरे, माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : आपल्या प्रभागात किती मिळकतींना सवलत मिळते, त्याची एकूण रक्कम किती आणि शेवटची प्रत्यक्ष तपासणी कधी झाली. पाइप आहे पण शोषखड्डा बुजला आहे, अशा इमारतीला सवलत चालू राहणे म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी.

तिसरे, पुनर्वसन इमारतीचा ताबा घेताना यंत्रणेचा नकाशा मागून घ्या. बिल्डर निघून गेल्यावर देखभाल रहिवाशांच्याच अंगावर येते. जूनपूर्वी छत आणि फिल्टर साफ करण्याची जबाबदारी ठरवून द्या.

चौथे, याच नियमावलीनुसार सरकारी आणि पालिकेच्या इमारतींना किमान तीन ताऱ्यांचे मानांकन बंधनकारक आहे. वस्तीतल्या नव्या शाळेत आणि दवाखान्यात ते पाळले जाते का, हे नगरसेवकाला विचारा. तिथे साठलेले पाणी वस्तीच्या स्वच्छतागृहांना मिळावे, अशी लेखी मागणी करा.

बिल्डरला जादा मजले देण्याइतपत पालिका उदार असेल, तर वस्तीतल्या समाजमंदिराच्या छतावर पाइप बसवून द्यायला तिच्याकडे पैसे नाहीत, हे उत्तर आपण मान्य करू नये.